नव्या पोस्ट टाइपची पाने पर्मालिंक पुन्हा जतन केल्यावरच का उघडतात?

प्रश्न: निफाडच्या एका द्राक्षबागायतदारासाठी मी नाशिकहून वर्डप्रेसवर संकेतस्थळ तयार करीत असून, द्राक्षांच्या वाणांसाठी एक स्वतंत्र पोस्ट टाइप (मजकुराचा प्रकार) छोट्या प्लगिनमधून (वर्डप्रेसला जोडायचा कोड) नोंदवला आहे. सोनाका आणि थॉमसनची पाने डॅशबोर्डवर दिसतात, पण उघडायला गेल्यास ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ ही त्रुटी, येते. पर्मालिंक (पानांचे कायमचे पत्ते) सेटिंग्जमध्ये काहीही न बदलता ‘बदल जतन करा’ दाबले की सर्व सुरळीत होते. म्हणून पत्त्यांचे नियम नव्याने लिहिणारे ‘फ्लश रीराइट रूल्स’ हे फंक्शन इनिट हुकवर (वर्डप्रेस सुरू होताना आपला कोड चालवण्याची जागा) लावले. ४०४ गेले, पण संकेतस्थळ मंदावले. त्याची योग्य जागा कोणती?

उत्तर: इनिटवरची ती ओळ आजच काढावी. पत्त्यांचे नियम डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमध्ये ‘रीराइट रूल्स’ या एकाच नोंदीत साठवलेले असतात आणि पोस्ट टाइप नव्याने नोंदवला तरी तो साठा आपोआप बदलत नाही. पर्मालिंकचे पान मात्र तो पुन्हा तयार करते. इनिट प्रत्येक विनंतीला चालते, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक वाचकामागे हा सगळा खटाटोप होत होता. हे काम प्लगिन सक्रिय होताना, अ‍ॅक्टिव्हेशन हुकवर, एकदाच करावे.

प्रश्नकर्ता: तसे केले, प्लगिन बंद करून पुन्हा सुरूही केले, ४०४ कायम आहे.

उत्तर: याच खोडीपायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे. सक्रिय करण्याच्या विनंतीत आपल्या प्लगिनची फाइल लोड होते तेव्हा इनिट होऊन गेलेले असते, म्हणजे पोस्ट टाइप नोंदवलेलाच नसतो आणि त्याच्याविनाच नियम नव्याने लिहिले जातात. अ‍ॅक्टिव्हेशनच्या फंक्शनमध्ये आधी पोस्ट टाइप नोंदवणारे फंक्शन स्वतः बोलवावे आणि त्याच्या खालच्या ओळीत फ्लश करावे. खात्रीसाठी पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस पाहण्याचे साधन) ‘रीराइट रूल्स’ची नोंद उघडून आपला स्लग (पत्त्यातील पोस्ट टाइपचे नाव) शोधावा. सापडला नाही, तर नियम तयारच झालेला नाही. आणखी एक, प्लगिन अद्ययावत करताना अ‍ॅक्टिव्हेशन हुक चालत नाही, त्यामुळे पुढे स्लग बदलल्यास आवृत्तीचा क्रमांक ऑप्शनमध्ये ठेवून, तो बदललेला दिसल्यावरच एकदा फ्लश करावे.

दुसरे उत्तर: मुखपृष्ठ सोडून सगळीच पाने ४०४ देत असती, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत शोधावा लागला असता, एन्जिनएक्स हा सर्व्हर पत्त्यांच्या सूचना असलेली एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतच नाही. इथे तसे दिसत नाही.

प्रश्नकर्ता: ओळींचा क्रम बदलला आणि बागायतदाराच्या सर्व्हरवरही सोनाकाचे पान पहिल्याच खेपेस उघडले. आभारी आहे.