गच्चीत लावायला चवीचा टोमॅटो कोणता?

गच्चीवाली: पुणे, गच्चीवर सहा-सात तास ऊन, १५ इंची सहा ग्रो बॅग. बाजारातला टोमॅटो नुसता लाल, चवीला पाणी. सार आणि कोशिंबिरीसाठी वाण सुचवा. बी ऑगस्टअखेर टाकणार आहे.

वाफसा: सारासाठी डोळे मिटून पुसा रुबी. चपटं, किंचित खाचांचं, रसाळ, आंबट फळ. देठाकडे पिवळट राहतं म्हणून व्यापारी नाकं मुरडतात, मुरडू देत. कच्च्या फळाचा देठाजवळचा गडद हिरवा भाग फळातच साखर बनवतो. एकसारखं लाल फळ हवं म्हणून निवडलेल्या वाणांत तो भाग फिकट झाला आणि थोडी गोडीही गेली. हा सरळ (संकरित नसलेला) वाण आहे, बी धरता येतं. खोट एकच: पांढरी माशी आली की बोकड्या (पानं आकसवणारा विषाणू रोग) ठरलेला. रोपं लावणीपर्यंत बारीक जाळीखाली ठेवा, नंतर पिवळे चिकट सापळे लावा. पानं आकसलेलं झाड उपटूनच टाका, ते सुधारत नाही.

गच्चीवाली: राहुरी कृषी विद्यापीठाचं भाग्यश्री कसं? आणि अर्का रक्षक?

वाफसा: भाग्यश्रीत गर जास्त, बिया कमी, म्हणजे सॉसला उत्तम. साराची आंबट चव मात्र बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात असते. अर्का रक्षक बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्ही रोगांना दाद देत नाही. पण फळ टणक, वाहतुकीच्या सोयीचं. शिवाय संकरित, त्यामुळे बी धरू नका.

बांबूकाठी: कोशिंबिरीला चेरी टोमॅटो घ्या. सनगोल्ड केशरी आणि गोड (हाही संकरित), ब्लॅक चेरी जरा गडद चवीचा. ब्रँडीवाइन या मोठ्या फळांच्या वाणाची हौस असेल तर एकाच बॅगेत. फळं कमी आणि उशिरा येतात. लावणी लांबली तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फुलं गळतात.

आणि वाण कितीही चांगला असो, पाण्यावर चव जाते. फळं रंग धरू लागली की वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी. मात्र चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादली ओतलीत तर फळं तडकणार. फळाच्या बुडाशी काळा डाग पडला तर अंड्याची टरफलं टाकू नका. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. शेणखत लावणीच्या वेळी एकदाच, पुढे जास्त झालं तर नुसता पाला माजतो. फळधारणेनंतर ०:०:५० (पालाशाचं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला ३ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा मुळाशी.

पिकलेली फळं फ्रिजमध्ये नकोत, थंडीत वास मरतो.