सासवडची अंजिराची बाग, दावा आणि तो

आत्या मृत्युपत्र न करता गेली. मूलबाळ नाही, यजमान आधीच वारलेले. सासवडला वीस गुंठे अंजीर मागे राहिलं. बाबा नाहीत, म्हणून दाव्यात मी. समोर तिच्या यजमानांचा पुतण्या. तारखा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात.

मिठ्या बहाराला, म्हणजे उन्हाळी फळाच्या हंगामात, झाडं सुकायला लागली, तेव्हा पंपाची चावी आम्ही वाटून घेतली. माझ्या पाळीच्या दिवशीही तो पहाटे पाणी धरून जायचा, सांगायचा नाही. ओल्या मातीवरचे पाय ओळखले मी! आता तोच हवाय. पण आई म्हणते, "लोक म्हणतील, बागेसाठी लग्न केलं." काय करू?

उत्तर १: बाग आत्याला आई-वडिलांकडून वारशाने आली की सासरकडून? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ बघ. माहेरची असेल तर वडिलांच्या वारसांकडे जाते, नवऱ्याकडची असेल तर त्याच्या वारसांकडे.

उत्तर २: लोकअदालतीत तडजोड करा, कोर्ट फीही परत मिळते. लग्न त्यानंतर, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही.

प्रश्नकर्ती: बाग आत्याला आजोबांकडूनच वारशाने आलेली. म्हणजे ती आमच्या बाजूची. त्याला हे आधीपासून माहीत होतं, तरी पाणी धरत होता. आज संध्याकाळी आईला घेऊन बागेत जातेय.