मदत हवी आहे: डर्ट ट्रॅकवर कोणता क्लास आधी सोडायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ माळावर मुरुमाचा ट्रॅक आखलाय. दुचाकी शर्यतीचे सहा क्लास (गट) एका दिवसात उरकायचेत: ज्युनिअर, नोव्हिस (नवखे), लोकल, गिअरलेस स्कूटर, इंडियन (भारतीय बनावटीच्या गाड्या) 260 सीसीपर्यंत आणि फॉरेन (परदेशी गाड्या).

गेल्या खेपेला फॉरेनवाले मध्येच सोडले. त्या 250 सीसीच्या गाड्यांनी वळणांवर खोल चाकोऱ्या पाडल्या, आणि मागून आलेल्या स्कूटरची पोटं घासायला लागली. दोन पोरं पडली. हेल्मेट, चेस्ट गार्ड नीट होते म्हणून निभावलं. ते पुन्हा व्हायला नको, म्हणून यंदा ज्युनिअर आणि स्कूटर सकाळीच, ट्रॅक सपाट असताना घेणार.

खरी अडचण पुढे आहे. लोकलमधले बरेच रायडर इंडियनलाही नाव देतात. दोन्ही लागोपाठ ठेवले तर त्यांना ना दम खायला वेळ, ना चेन ताणायला. मध्ये नोव्हिस घालावा, तर तोवर ट्रॅक उकरलेला. त्यात टँकर एकच. पाणी मारून लगेच गाड्या सोडल्या तर घसरतात, थांबलो तर धुरळ्यात पुढचा दिसत नाही.

तुम्ही क्रम कसा लावता? एक हीट (शर्यतीची फेरी) संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं ठेवता? आणि पाणी कोणत्या क्लासनंतर मारता?