चाराण्यात खिसा भरायचा, पण तो चाराणा कोणाचा होता?

अंजनगाववाला

दिवाळीआधी घर आवरताना फडताळात डालड्याचा एक जुना डबा सापडला. आत चिल्लर. पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची कातरलेल्या काठाची, वीस पैशांची षट्कोनी. गेंड्याचं चित्र असलेले चाराणेही निघाले, ते जरा नंतरचे. अॅल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की हातावर घेतली तरी काही घेतल्यासारखं वाटत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याचं काय येतं?" मी म्हटलं, "आता काहीच नाही." चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून बंदच झाली.

पण यायचं केवढं! बाजाराच्या दिवशी बाबा चाराणे देत. त्यातल्या दहा पैशांचे फुटाणे घ्यायचे, दुकानदार कागदाचा पुडा वळून वरपर्यंत भरायचा आणि वर चार दाणे हातावर ठेवायचा. दहा पैशांची काडीवरची लाल आईसकांडी. उरलेल्या पाच पैशांच्या लेमनच्या गोळ्या. खाऊन जीभ लाल व्हायची आणि आरशासमोर उभं राहून ती एकमेकांना दाखवायची. बहिरमच्या यात्रेला एक रुपया मिळायचा. त्यात पाळण्यात बसणं, बुढीचे बाल, एक पत्र्याची पिपाणी, आणि तरीही आईसाठी रेवड्यांचा पुडा घरी यायचा. मोठी माणसं रोडगे आणि हंडीच्या मटणाच्या नादात असायची, आमचं राज्य वेगळंच. मूर्तिजापूरला मामाकडे जायचं तर शकुंतला ही छोटी आगगाडी होतीच. कोळशाचं इंजिन, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कण जायचा. तिकीट इतकं कमी की परत येताना मामीनं हातावर ठेवलेला रुपया तसाच घरी पोचायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. तेव्हाच्या पैशाला बरकत होती. आज पाचशेची नोट मोडली की ती कुठं गेली हे सांगता येत नाही. बाबा म्हणायचे, एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं. आता दहा क्विंटल विकून बघा. रुपया पातळ झाला आणि त्याच्याबरोबर आपणही पातळ झालो. तुमच्या चाराण्यात काय यायचं ते लिहा.

वेचणीवालीची लेक

दादा, तुमचं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. राग म्हणून लिहीत नाही. पण ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती कोणी लिहीत नाही.

माझी माय दर्यापूर तालुक्यात लोकांच्या वावरात कापूस वेचायची. 1984 च्या सुमारास वेचाई किलोला चाराणे होती. हा आकडा मला पक्का ठाऊक आहे, कारण सांजच्याला मोजणी झाली की हिशोब मीच करायचे. मायला अक्षर येत नव्हतं, मी चौथीत होते. किलोभर कापूस म्हणजे दोनशे-अडीचशे बोंडं. प्रत्येक बोंडाचं टरफल सुकलं की सुईसारखं टोचतं. मायच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नखाच्या मुळाशी भेग होती, ती पौषापासून होळीपर्यंत भरायची नाही. रात्री ती त्या भेगेत मेण वितळवून सोडायची आणि दात आवळून बसायची. मी दिवा धरायचे.

तुमचे चाराणे म्हणजे ती दोनशे-अडीचशे बोंडं. माय दिवसभर वाकून वीस-पंचवीस किलो वेचायची, म्हणजे पाच-सहा रुपये. घरात खाणारी आम्ही सात माणसं. आम्हाला चाराणे कधी मिळाले नाहीत. मिळाले ते पाच पैसे, तेही पोळ्याला आणि दिवाळीला.

आता आजचा हिशोब करू. यंदा आमच्याकडे वेचाई किलोला दहा रुपये आहे. म्हणजे तेव्हाचे चाराणे ते आजचे दहा रुपये, दोन्हींसाठी तेवढीच बोंडं वेचावी लागतात. आज दहा रुपयांत लेकराला एक कुरकुऱ्याचा पुडा आणि एक आईसकांडी येते. तुम्ही चाराण्यात जे घेत होता जवळपास तेच. मग स्वस्ताई कुठं होती? स्वस्त होती ती मायची बोटं. आज निदान वेचणारी बाई "दहा नाही, बारा पाहिजे" म्हणू शकते. माझ्या मायनं तसं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला कोणी वावरात बोलावलं नसतं.

वऱ्हाडी कास्तकार

ताई, तुमचं म्हननं खरं हाय. माही मायबी वेचाले जाये, आमचं वावर तीनच एकर, तेवढ्यावर भागे नाई. पन तुमचाच हिशोब पुढं नेतो, पाहा.

वेचाई चाराण्याची दहा रुपये झाली. चाळीस पट. होऊ द्या, बायाइले भेटलेच पाहिजे. पन कापसाचं काय झालं? 84 च्या आसपास क्विंटलले पाचशेच्या घरात भाव भेटे. 2025-26 च्या हंगामाले लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये व्हता. म्हंजे सोळा पट. हमीभाव कागदावरचा, गावात मेटॅडोर घेऊन येनारा त्याच्या खालीच मागते. खर्च चाळीस पट अन् माल सोळा पट, मंग मधात मेला कोन? अन् बियाणं पाहा. आमच्या बुढ्याच्या टायमाले देशी कपाशीची सरकी घरीच ठेवत, शेणात-राखंत चोळून पेरत, त्याले पैसा लागे नाई. 2002 पासून बोंडअळीले तोंड देनारं बीटी बियाणं आलं, 2025 ले त्याचं एक पाकीट 901 रुपयाचं व्हतं. पाऊस दडी मारला का दुबार पेरनी, मंग पुन्हा पाकीट. फवारनी, खत, डवरनीले बैल नाई तं ट्रॅक्टर.

अंजनगाववाले भाऊ बरकत म्हनते ते म्हूनच मले पटते. गोळ्या-फुटाण्याचं सोडा. कास्तकाराच्या मालात ताकद व्हती. आता सोनं लाखाच्या वर गेलं, बारा-तेरा क्विंटल इकले तरी तोळा येत नाई. पोरीचं लगन करनारा बाप काय करन? 2006 साली प्रधानमंत्री इदर्भात येऊन सहा जिल्ह्याइले 3750 कोटीचं प्याकेज देऊन गेले, ते काय उगाच? लोकं मरून राह्यले व्हते म्हून.

गल्ल्यावरचा पोरगा

माझ्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं, त्यामुळे ही चिल्लर मी दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही वरच्या मोठ्यांना आवडणार नाहीत.

पहिली सोन्याची. क्विंटलला तोळा हे 1972 च्या आसपास खरं होतं, तेव्हा सोनं दोनशे रुपये तोळा होतं. पण 1980 मध्ये ते तेराशेच्या वर गेलं आणि कापूस त्याच्या अर्ध्यावरसुद्धा नव्हता. म्हणजे अंजनगाववाले काका लहानपणी फुटाणे खात होते तेव्हाच ते गणित मोडलेलं होतं. त्यात कापसाचा दोष नाही, सोनंच पळालं. कापसाचं मोजमाप करायचं तर कास्तकार काकांसारखं वेचाईशी, बियाण्याशी, खताशी करा, ते बरोबर आहे. सोन्याशी केलं की रडणं होतं, हिशोब होत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. गावात पैसा होताच किती? रात्री बाबा गल्ला मोजायचे, साध्या दिवशी दहा रुपयांच्या वर रोख क्वचित निघायची. बाकी सगळं उधारीच्या लांब लाल वहीत. बायका पदरात ज्वारी घेऊन यायच्या, ती मोजून तेल, मीठ, चहापत्ती द्यायची. हंगामात पोरं खिशात कापूस कोंबून आणायची. बाबा तराजूत न घालता हातानंच अंदाज घ्यायचे आणि चार गोळ्या द्यायचे. तो अंदाज नेहमी दुकानाच्या बाजूनं पडायचा हे मला मोठेपणी कळलं. तेच ज्वारीचं. बाईच्या हातात रोख असती तर ती दुसऱ्या दुकानात गेली असती. ज्वारी घेऊन ती आमच्याकडेच यायची, कारण वहीत तिचं नाव होतं. चाराण्याला भाव होता तो चाराणे थोड्यांकडेच होते म्हणून.

अंजनगाववाला

वेचणीवाल्या ताईंचं दोनदा वाचलं. उत्तर सुचत नाही, तरी लिहितो.

आमचं बारा एकर होतं. श्रीमंत नव्हतो, पण बाजाराच्या दिवशी लेकराच्या हातावर चाराणे ठेवण्याइतकं होतं. ते कुठून येत होते हे मी कधी विचारलं नाही, त्या वयात कोणी विचारत नाही. पण ताई, एक गोष्ट मी सोडणार नाही. तेव्हा गरिबाला आजाराची जेवढी भीती होती तेवढीच आज आमच्यासारख्यांनाही आहे. माझे वडील गेल्या वर्षी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात नऊ दिवस होते. दोन एकर गेले. तेव्हा तालुक्याचा डॉक्टर सायकलवर घरी यायचा आणि सुगीला तुरीचं पोतं घेऊन जायचा. ही आठवण खोटी आहे का?

वेचणीवालीची लेक

खोटी नाही दादा. बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तो सायकलवाला डॉक्टर आमच्या वस्तीत येत नव्हता. माझा धाकटा भाऊ हगवणीनं गेला तेव्हा मायनं त्याला पाठीला बांधून चार कोस चालत नेलं होतं. आज गावात आशाताई आहे, तिच्या पिशवीत ओआरएसची पुडी असते. आजच्या हिशोबात मी ती पुडी सगळ्यात आधी मांडते. दवाखान्याचं बिल महागलं हे मान्यच. जे पूर्वी कोणालाच मिळत नव्हतं ते आता मिळतं आणि त्याचे पैसे पडतात, आणि काही ठिकाणी लुटतात. ह्या दोन गोष्टी वेगळ्या लिहू या.

पंचविशीतला

मी ह्या सगळ्यांपेक्षा लहान आहे, चाराणे फक्त आजीच्या तोंडून ऐकलेत. तिच्या हिशोबात एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे. 1957 ला नवे पैसे आले तरी ती शेवटपर्यंत आण्यातच बोलायची.

आमच्या पिढीचं एवढंच सांगतो. पाच रुपयांचा बिस्किटपुडा आजही पाचच रुपयांचा आहे, पण शाळेत असताना तो हातात भरायचा आणि आता दोन घासांत संपतो. किंमत तीच ठेवून आतला माल काढून घेतला की माणसाला महागाई दिसत नाही, नुसती भूक लागते. आणि मोबाईलचं अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज तीनशेच्या घरात आहे. रोजगार हमीचा 2025-26 चा रोज 312 रुपये होता. म्हणजे दर महिन्याला माझ्या बापाचा एक अख्खा दिवस मोबाईलमध्ये जातो. ते काढता येत नाही, कारण कामाचा निरोप, रेशनचा ओटीपी, बँकेचा मेसेज सगळं त्यावरच येतं. तुमच्या काळी असा सक्तीचा खर्च कोणता होता?

वऱ्हाडी कास्तकार

सक्तीचा खर्च व्हता न बाबू, सावकार. पन तुमचं बराबर हाय. रेशनवर धान्य फुकट भेटते आता, माणशी पाच किलो. माही माय 72 च्या दुष्काळात खडी फोडाले जाये, तठी सुकडी भेटे. घास पोटात जायाच्या आधी लेकराइसाठी पदरात बांधे. आज ते पाहाव लागत नाई, ह्याचं मले बरं वाटते. पन पोट भरलं म्हून कास्तकारी टिकली असं कोनी समजू नका.

अंजनगाववाला

चार दिवसांनी लिहितोय. आईला तो डबा दाखवला. ती ब्याऐंशीची आहे, पण हिशोबात कधी चुकत नाही. मला वाटलं होतं माझ्या बाजाराच्या पैशांतली उरलेली चिल्लर असेल, तिनं जपून ठेवली असेल.

तिनं डबा हातात घेतला आणि म्हणाली, "हे वेचणीच्या बायांचे आहेत."

आमच्याकडे चुकारा आठवड्यानं व्हायचा. एखादीचे सव्वीस रुपये पस्तीस पैसे झाले की पस्तीस पैसे सुटे नसायचे. बाबा म्हणायचे, पुढच्या हप्त्यात घे. आई मात्र तालुक्याहून चिल्लर मागवून त्या डब्यात ठेवायची, वरचे पैसे द्यायला. काहींना दिले. काही बाया दुसऱ्या वावरात कामाला लागल्या, हंगाम संपला, पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे राहिले. पुढे ही नाणी चालेनाशी झाली आणि डबा फडताळात गेला. मी ज्याला बरकत म्हणत होतो तो पैसा हा.

मी विचारलं, कोणाचे किती आठवतं का? तिनं तिघींची नावं सांगितली, पैशांसकट. एकीचे पस्तीस, एकीचे साठ, एकीचे रुपया दहा. दोघी वारल्या. तिसरी आमच्याच गावात खालच्या आळीला नातवाकडे राहते, तिला आता दिसत नाही. आई म्हणाली, "मला घेऊन चल तिच्याकडे. काय द्यायचं ते मी ठरवीन."

रविवारी जातोय.