नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम अडकतोय

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी ४०३: कॉम्प्युटरमधलं कुणी जाणकार आहे का ग्रुपवर? जीटीएक्स १६५० हे जुनं ग्राफिक्स कार्ड काढून आरटीएक्स ४०६० बसवून घेतलंय. प्रोसेसर रायझन ५ ३६००, मदरबोर्ड बी४५०, रॅम ८ जीबी. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० च्या वर जातच नाहीत, आणि गेममध्ये गाडी शहरात शिरली की धाडकन २५ वर येतात. कार्डच खराब आलंय का? परत द्यायचं तर या आठवड्यातच द्यावं लागेल.

ए ३०२: परत द्यायची घाई नको. आधी आकडे सांग. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमाप दाखवणारं सॉफ्टवेअर टाक आणि गेम अडकतो तेव्हा जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान, पॉवर आणि प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची रांग) पडद्यावर दिसेल असं कर. जीपीयू ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय. बराच खाली असेल तर ते कुणाची तरी वाट बघत बसलंय.

बी ४०३: जीपीयू ४५ ते ६०. तापमान ५४. पॉवर ६० वॉटच्या आसपास. सीपीयू ५० टक्के, म्हणजे तोही निवांतच ना दादा?

ए ३०२: एकूण टक्क्यांवर जाऊ नकोस. तुझ्या ३६०० प्रोसेसरला ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूणात तो ८ टक्केच दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तेवढ्यानेच अडतो. म्हणून थ्रेड वेगवेगळे बघायला सांगितले.

बी २०१: एक सोपी परीक्षा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण, बाकी काही बदलू नकोस. एफपीएस वाढले तर ताण कार्डावर होता. तेवढेच राहिले तर घोळ दुसरीकडे: प्रोसेसर, रॅम, कार्ड बसवलेला स्लॉट किंवा कुठेतरी लावलेली मर्यादा.

बी ४०३: तेवढेच राहिले ताई. ५८ ते ६०.

बी २०१: नेमके ६० म्हणजे मर्यादा लागलेली आहे. पण ती वरची बाजू झाली, २५ वर का पडतात ते वेगळं. दोन्ही एकत्र करू नकोस. मर्यादेसाठी गेममधला व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि इनविडिया कंट्रोल पॅनलमधला मॅक्स फ्रेम रेट बघ. जुन्या कार्डासाठी लावलेली मर्यादा कार्ड बदललं म्हणून जात नाही. मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो?

बी ४०३: १४४. एचडीएमआयने जोडलाय.

बी २०१: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे ६० दिसत असणार. नवं कार्ड लागलं की विंडोज बऱ्याचदा मॉनिटरला ६० वर आणून ठेवतं. यादीत १४४ नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लाव. बऱ्याच मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट १४४ पर्यंत जात नाही.

अॅडमिन: टँकर उद्या सकाळी ७ ला. खालच्या गाड्या हलवून ठेवा. बाकी चर्चा चालू द्या.

ए ३०२: आता जीपीयू-झेड उघड, कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. बस इंटरफेससमोर (कार्ड आणि बोर्डामधली जोडणी) काय लिहिलंय? शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू कर आणि मगच वाच. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला ही जोडणी १.१ या संथ वेगावर उतरते, ते बघून लोक उगाच घाबरतात.

बी ४०३: टेस्ट चालू असताना: पीसीआयई एक्स८ ४.० @ एक्स४ २.०

ए ३०२: सापडलं बहुतेक. कार्ड ८ लेनचं (माहिती जायच्या वाटा), ४.० पिढीचं; चालतंय मात्र ४ लेनवर, २.० च्या वेगाने. बाजूचं झाकण काढून आतला फोटो टाक.

बी ४०३: 📷 फोटो

ए ३०२: कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये आहे. लांबी सारखी म्हणून दोन्ही स्लॉट सारखे नसतात. वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बहुतेक बी४५० बोर्डांवर खालचा चिपसेट या बोर्डावरच्या मदतनीस चिपमार्फत जातो, आणि या चिपसेटच्या स्वतःच्या लेन २.० च्या. ४ लेन २.० म्हणजे सेकंदाला साधारण २ जीबी. ४०६० मुळात ८ लेनचंच कार्ड, वरच्या ३.० स्लॉटमध्ये त्याला साधारण ८ जीबी मिळतात. चौपट फरक आहे. शहरात शिरलं की नवीन टेक्सचर (वस्तूंवर चढवायची चित्रं) भराभर यावी लागतात, तेव्हाच रस्ता तुंबतो.

सी १०४: त्याआधी फोटोतली दुसरी गोष्ट बघा. कार्डाच्या वीज घ्यायच्या ८ पिनला साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगचा कन्व्हर्टर लावलाय. बाळा, गेम आत्ता बंद कर. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिन, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट झाले. ८ पिनचा प्लग १५० वॉटसाठी असतो. १६५० ची बरीच मॉडेलं ७५ वॉट स्लॉटमधूनच घ्यायची, म्हणून जुन्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) वेगळी केबल लागलीच नाही. ४०६० ला ११५ वॉट लागतात. तुझा गेम यामुळे अडकत नाहीये, पण प्लास्टिक वितळतं ते अशाच जागी.

बी ४०३: बाप रे. काका, दुसरं एसएमपीएस घेऊ का? यावर ४५० वॉट लिहिलंय.

सी १०४: वरचा मोठा आकडा सोड. लेबलवर +१२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाच आणि १२ ने गुण. २५ अँपिअर असतील तर कामाचे ३०० वॉटच. इनविडियाची शिफारस ५५० वॉटची आहे. तुझ्या मशीनला चांगल्या दर्जाचं ५५० वॉटचं ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का) भरपूर होईल. ७५० विकायला बघतील, गरज नाही. ६+२ पिनची केबल एसएमपीएसमधूनच आलेली हवी. प्रोसेसरची ४+४ सारखी दिसते, ती कार्डात दाबून बसवायची नाही, तिच्या पिनांची जुळणी वेगळी असते. मॉड्युलर (केबल सुट्या होणारं) घेतलंस तर त्याच्याच पेटीतल्या केबल वापर.

ए ३०२: एसएमपीएस आलं की त्याच बैठकीत कार्ड वर घे. विंडोज शटडाउन, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, मग कॅबिनेटचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धर. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. मागचे स्क्रू काढ, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबून धर आणि कार्ड सरळ वर घे, तिरकं ओढू नकोस. वरच्या स्लॉटमध्ये क्लिपचा टक्क आवाज येईपर्यंत बसव. मॉनिटरची केबल कार्डालाच; ३६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयला लावलीस तर पडदा काळाच राहणार.

बी २०१: आणि रॅम? ८ जीबी म्हणजे एकच स्टिक ना?

बी ४०३: हो. ३२०० ची. टास्क मॅनेजर २४०० दाखवतो.

बी २०१: माझ्या मते गेम अडकण्यात याचा वाटा स्लॉटइतकाच आहे. एका स्टिकवर एकच चॅनल (रॅमचा रस्ता) चालतं, बँडविड्थ म्हणजे माहिती वाहायची क्षमता निम्मी. त्यात रायझनमध्ये आतल्या फॅब्रिकचा (चिपचे भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग रॅमच्या वेगाला बांधलेला. शिवाय ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम मावत नाहीत, उरलेलं डिस्कवरच्या संथ पेजफाइलमध्ये जातं. ८ च्या दोन स्टिकचा ३२०० चा किट घे. जुनीला जोड देणार असशील तर दोन्ही संथ स्टिकच्या वेगाने चालतील. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू कर, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालेल. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी. मशीन उठलंच नाही तर वीज काढून बोर्डावरचा बटण सेल ५ मिनिटं बाहेर ठेव, सेटिंग मूळपदावर येतं.

सी १११: डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करायला सांगा त्याला, सगळे तेच सांगतात.

ए ३०२: इनविडिया काढून इनविडियाच लावलंय, त्यामुळे तो शेवटचा उपाय. एएमडीवरून इनविडियाकडे किंवा उलट असतं तर आधी तेच सांगितलं असतं: इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये. रिसायझेबल बारचंही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) तसंच. इंटेलच्या आर्क कार्डांना ते नसेल तर फार फटका बसतो, ४०६० ला थोडाच फरक. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद करायला जाशील आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर विंडोज सुरूच होणार नाही. सध्या हात लावू नकोस.

(शनिवार)

बी ४०३: एसएमपीएस बदललं, कार्ड वर घेतलं, रॅम १६ केली. जीपीयू-झेड: एक्स८ ३.०. मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर १४४. व्ही-सिंक बंद. शहरात आता ८५ ते १००, जीपीयू ९० च्या पुढे. पण पहिली १० मिनिटं थोडे झटके होते.

बी २०१: ते शेडर, म्हणजे कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम. कार्ड बदललं की शेडरचा साठा नव्याने तयार होतो. त्याच रस्त्याने दुसऱ्यांदा गेल्यावर झटके येत नसतील तर सोडून दे. येत असतील तर टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी (कार्डाने रॅममधून उसनी घेतलेली) बघ. ती चढत असेल तर कार्डाची ८ जीबी भरली. टेक्सचर अल्ट्रावरून हायवर आण. लेन ३.० च्या असताना ते ओझं जास्तच जाणवतं.

बी ४०३: शेअर्ड २ जीबीच्या पुढे जात होती. हायवर आणल्यावर ०.३. चित्रात फरक कळतही नाहीये. शूटर गेममध्ये मात्र जीपीयू अजून ६० टक्केच.

ए ३०२: तिथे आता ३६०० ची हद्द लागते. तोच बोर्ड ठेवून ५७००एक्स३डी किंवा साधा ५६०० हा रायझन प्रोसेसर बसू शकतो. आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयूची यादी बघून बायोस अपडेट कर, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. १४४ हर्ट्झला सतत १४० मिळत असतील तर यावर खर्च करू नकोस.

सी १०४: आणि तो साटाचा कन्व्हर्टर कुणाला देऊ नकोस. ई-कचऱ्याच्या डब्यात टाक.