मदत हवी आहे: न्यू जर्सीतला दावा फेडरल कोर्टात गेला, परत आणता येईल का?

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ एडिसनला राहतो, अमेरिकन नागरिक आहे. घराचं काम अर्धवट टाकून गेलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका कंत्राटदार एलएलसीवर (मर्यादित जबाबदारीची कंपनी) त्याने 90,000 डॉलरचा दावा लावला, न्यू ब्रन्सविकच्या राज्य कोर्टात. समोरच्यांनी तो उचलून नेवार्कच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात नेला.

मला वाटायचं फेडरल म्हणजे आपल्या हायकोर्टासारखं वरचं कोर्ट. तसं नाही, तिथेही खटला पहिल्यापासूनच चालतो, अपील पुढे फिलाडेल्फियाला. बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर, म्हणून तिथे नेता आला.

पण मेख अशी, की एलएलसीचं नागरिकत्व नोंदणीवरून नाही, भागीदारांवरून ठरतं. आणि त्यांचा एक भागीदार न्यू जर्सीतच कायमचा राहतो असं कळलंय! मग दोन्हीकडे न्यू जर्सीकर झाले ना? हे कोर्टापुढे कसं आणायचं? पद्धतीतल्या चुकांवर हरकतीला 30 दिवस असतात, अधिकारक्षेत्राच्या मुद्द्याला ती मुदत नाही, हे बरोबर ना?

वकील शोधतोय, पण तिकडे कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा. भावाची झोप उडालीय.