पत्रकात लिहिलंय ‘पूर्ण झाले’, पण नकाशावर सोर शहर दिसतंय. मुलांना काय सांगू?

मिरजेची_लॅबवाली

नमस्कार. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि रविवारी उपासनेनंतर आठवी ते दहावीच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेते. अकरा मुलं आहेत.

गेल्या महिन्यात बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी मुलांना एक पत्रक वाटलं. डाव्या रकान्यात जुन्या करारातलं भाकीत, उजव्या रकान्यात फक्त ‘पूर्ण झाले’. अशा चाळीसेक ओळी. मला ते आवडलं होतं, खरंच सांगते. वर्गात मोठ्याने वाचायलाही घेतलं. नवव्या ओळीवर सोर आलं: यहेज्केलच्या पुस्तकाचा २६वा अध्याय, शहराचा नाश होईल, ते पुन्हा बांधलं जाणार नाही, पूर्ण झाले. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, हे बघा की.” त्याने मोबाईलवर लेबनॉनचा नकाशा उघडला होता. समुद्रकिनाऱ्यावर सूर नावाचं गाव, बंदर, रस्ते, हॉटेलं. “हेच ना ते?” हेच ते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

घरी आले आणि आजीचं बायबल काढून अख्खा अध्याय वाचला. तिसऱ्या वचनात पुष्कळ राष्ट्रं लाटांसारखी चालून येतील असं आहे. सातव्यापासून मात्र नाव घेऊन बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर. चौदाव्यात पुन्हा बांधणार नाही, आणि शेवटच्या वचनात तर शोधूनही सापडणार नाही. आमच्या पोराला ते अर्ध्या मिनिटात सापडलं.

विश्वास सोडायचा की ठेवायचा, हा माझा प्रश्न नाही. पण दिवसभर मी लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट करते. साखर २१० आली तर २१० लिहायची, पेशंटला वाईट वाटेल म्हणून १४० लिहायची नाही. मग रविवारी मुलांसमोर उजव्या रकान्यात जे नाही ते कसं वाचू? आई म्हणते, एवढ्या खोलात जाऊ नये. कोणी नीट अभ्यास केला असेल तर सांगा. खरंच पूर्ण झालेली भाकितं कोणती, आणि ‘झाली’ म्हणायचं कशावरून?

---

कराडचा_इतिहासवाला

मी ख्रिस्ती नाही. एम.ए.ला प्राचीन पश्चिम आशिया होता, तेवढ्यावरून सांगतो.

सोरचा इतिहास स्पष्ट आहे. नबुखद्रेस्सरने वेढा घातला, तो सुमारे १३ वर्षं चालला. किनाऱ्यावरची वस्ती गेली, पण मूळ शहर बेटावर होतं आणि ते त्याला लुटता आलं नाही, तह झाला. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि ७ महिन्यांत शहर घेतलं. त्या भरावाशी पुढे वाळू साचत गेली, म्हणून आज ते बेट राहिलेलं नाही, जमिनीला जोडलं गेलंय. पण शहर लगेच पुन्हा उभं राहिलं आणि आजही आहे. ‘पुन्हा बांधणार नाही’ हे झालं नाही. यात पळवाट काढू नये असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, भाकीत घटनेच्या आधी लिहिलेलं होतं का, हे आधी पाहावं लागतं. दानीएलाच्या ११व्या अध्यायात ग्रीक राजांच्या लढाया इतक्या बारकाईने येतात की वाचताना थक्क व्हायला होतं. चौथ्या अँटिओकसने इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, तिथपर्यंत सगळं जुळतं. त्या राजाचा शेवट मात्र जसा सांगितलाय तसा झाला नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात की ते पुस्तक साधारण त्याच वर्षांत लिहिलं गेलं. यशयात कोरेश (सायरस) या इराणी राजाचं नाव येतं त्या भागाबद्दलही असंच. ४०व्या अध्यायापासून पुढचा भाग यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळातला, असं मानतात.

आणि बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, १८:२२ मध्ये, कसोटी दिलीच आहे. संदेष्टा बोलला आणि तसं झालं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. ती सोरला लावायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

---

साताऱ्याच्या_बाई

ताई, मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात राहते. वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं बरोबर आहे, तरी सगळंच ‘नंतर लिहिलं’ म्हणून निकालात निघत नाही.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली. सात मीटरहून लांब, आणि येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची. तिच्यात ५३वा अध्याय आहे. वधायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिलेला, इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला सेवक. ते ख्रिस्त्यांनी मागाहून घुसवलं, असं आता कोणी म्हणू शकत नाही. मी प्रत्येक उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तो अध्याय वाचते आणि दरवेळी आवाज भरून येतो.

पण मुलांना हेही सांगा की यहुदी वाचक त्या सेवकात बहुधा इस्राएल राष्ट्र पाहतात, रशी या मोठ्या भाष्यकारानेही तसाच अर्थ लावला. आणि हा प्रश्न आपल्याच नव्या करारात आहे! प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी षंढ रथात बसून नेमका हाच उतारा वाचतोय आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाने त्याला पत्रक दिलं नाही. तो रथात त्याच्या शेजारी बसला.

यशया ७:१४ सुद्धा पत्रकात असेलच. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात ‘कुमारी’ झालं आणि मत्तयाने ते घेतलं. यशया मात्र यहूदाच्या आहाज राजाशी बोलतोय, दोन शेजारी राजे चालून येताहेत त्या भीतीत, इ.स.पू. ७३५च्या सुमारास. मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधी त्या दोघांचा देश ओस पडेल, हे लगेच सोळाव्या वचनात आहे. इ.स.पू. ७३२ मध्ये त्यांच्यापैकी एकाची राजधानी दमास्कस पडलीही. म्हणजे आहाजासाठी ते त्याच्या हयातीत खरं झालं, आणि मत्तयाने सातशे वर्षांनी त्याच शब्दांत आणखी काही भरलेलं पाहिलं. मी याला ‘पूर्ण झाले’ म्हणते, पण माझ्या म्हणण्यातलं ‘पूर्ण’ म्हणजे काठोकाठ भरलेलं. पत्रकातलं ‘पूर्ण’ वेगळं आहे.

---

मिरजेची_लॅबवाली

बाई, काठोकाठवालं मी वहीत लिहून ठेवलं.

कोरेशावरून एक आठवलं. जानेवारी २०१४ मध्ये मी मुंबईत ट्रेनिंगला होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियममधला कोरेशाचा दंडगोल छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला ठेवला होता. मी सुट्टीच्या दिवशी एकटी गेले. वीतभर लांबीची मातीची वस्तू, कणसासारखी, वर बारीक खिळ्यांसारखी अक्षरं. यशया ४५ मध्ये परमेश्वर कोरेशाचा हात धरतो, त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. आणि दंडगोलावर लिहिलंय की बाबेलच्या मार्दूक देवाने कोरेशाला निवडलं. यहुद्यांचं नावही नाही. मी काचेसमोर बराच वेळ उभी होते. एकाच राजाचा हात दोघांनी धरलेला. तेव्हा मला भीती वाटली होती, म्हणून घरी कोणाला बोलले नाही. आज वाटतं, यहुदी घरी परतले हे तर झालंच ना? यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली ७० वर्षं काटेकोर मोजली तर पाडाव ते सुटका ४८-४९च भरतात, पण मंदिर पडल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंत, इ.स.पू. ५८६ ते ५१६, बरोबर ७०. कुठून मोजायचं यावर उत्तर बदलतं. आमच्या लॅबमध्येसुद्धा उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर एकाच रकान्यात लिहीत नाहीत.

सोरचं मात्र अजून अडलंय.

---

नदीकाठ

ताई, मी सांगलीवाडीचा. चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून आहे. नोकरीभर कृष्णेची पातळी बघायचं काम केलं. आयर्विन पुलाचे आकडे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतात, ४० फुटांला इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी निवृत्त होतो, पण रात्रभर झोप नव्हती.

मला सांगायचंय ते त्याच्या बऱ्याच आधीचं. एका पावसाळ्यात वरून पाऊस मोठा, धरणातून विसर्ग वाढवलेला. आम्ही निरोप दिले, पाणी ४५ ओलांडेल, खालच्या गल्ल्या हलवा. लोकांनी रात्रीतून धान्य माळ्यावर चढवलं, व्यापाऱ्यांनी हळदीची पोती हलवली, म्हशी वरच्या रानात नेल्या. आणि पहाटे वरचा पाऊस थांबला. विसर्ग कमी झाला. पाणी ३८ला टेकून उतरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोकांनी मला धारेवर धरलं. हमालीचे पैसे कोण देणार, तुमचा आकडा खोटा निघाला. घरी येऊन मी न जेवता पडलो. आणि माझ्या मनात आलं, की दोन फूट तरी पाणी दारात यायला पाहिजे होतं, म्हणजे यांना कळलं असतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या रविवारी शास्त्रपाठ योना संदेष्ट्याचा निघाला. आणखी ४० दिवसांनी निनवे उलथून पडेल, एवढंच तो ओरडला. ‘पश्चात्ताप केलात तर नाही’ असं काही तो बोललेला नाही. लोकांनी पश्चात्तापाचं गोणपाट नेसलं आणि शहर वाचलं. आणि योना रागावून गावाबाहेर बसला, मरण मागत. मला वाटलं, पाळकसाहेब माझ्याकडंच बघून वाचतायत. घाम फुटला मला.

तुमच्या पत्रकात योना कुठल्या रकान्यात टाकणार? ४० दिवस झाले, शहर जागेवर. आपला इशारा खोटा नव्हता, ताई. लोक हलले, पाऊस थांबला, पाणी उतरलं. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरी देव हेच बोलतो, ज्या राष्ट्राचा नाश सांगितला ते वाइटापासून फिरलं तर मीही फिरेन.

---

कराडचा_इतिहासवाला

काका, तुमचं वाचून थांबलो, मनापासून सांगतो. पण एक विचारतो. असं धरलं तर न झालेलं कुठलंही भाकीत ‘इशारा होता’ म्हणून सुटेल. सोरने कुठे गोणपाट नेसलं होतं?

---

नदीकाठ

बरोबर बोललास. योनाचं माप सोरला लावू नये. सोरला माझ्याकडं उत्तर नाही, पण यहेज्केलकडं आहे असं वाटतं. ताई, २९वा अध्याय वाचा, १७ ते २० वचनं.

---

मिरजेची_लॅबवाली

वाचलं. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मला उठून दिवा लावून पुन्हा वाचावं लागलं.

तिथे लिहिलंय की नबुखद्रेस्सरच्या सैन्याने सोरपुढे एवढे कष्ट केले की प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडलं, खांदे सोलवटले, आणि तरी सोरकडून त्याला काही वेतन मिळालं नाही. म्हणून देव म्हणतो, त्याऐवजी मिसर (इजिप्त) देतो. स्वतः यहेज्केल सांगतोय की २६व्यात म्हटलं तसं झालं नाही! आणि इतिहासात त्याला मिसरही पुरतं जिंकता आलं नाही, हे आत्ता पाहिलं.

मला सगळ्यात हलवून गेलं ते हे, की २६वा अध्याय कोणी खोडला नाही. आमच्याकडे रिपोर्ट चुकला तर पहिला फाडायचा नसतो. खाली सुधारित रिपोर्ट जोडायचा, तारीख घालायची, दोन्ही जपून ठेवायचे. २९:१७ ला तारीख आहे, २७वं वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. ज्यांनी हे पुस्तक उतरवून ठेवलं त्यांना मुलांपासून काही लपवायचं नव्हतं, आणि मी मात्र आठवडाभर मुलापासून तोंड लपवत होते.

बाईंनी सांगितलेल्या कृत्यांमध्ये पुढे वाचत गेले तर २१व्या अध्यायात पौल जहाजातून उतरतो ते सोरलाच. सात दिवस राहतो. निघताना तिथले विश्वासणारे, बायकामुलांसकट, त्याला गावाबाहेर पोहोचवायला येतात आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. पुन्हा बांधलं जाणार नाही म्हटलेल्या गावात बायकामुलं.

ठरवलंय. रविवारी त्या मुलाला पुढे बोलावणार, त्याच्याच मोबाईलवर सोर दाखवायला सांगणार. मग २६, मग २९, मग किनाऱ्यावरची प्रार्थना. पत्रकाचा उजवा रकाना कोऱ्या कागदाने झाकून मुलांनाच वाचून भरायला देईन. ‘झाले’, ‘अर्धे झाले’, ‘झाले नाही’, ‘आधी की नंतर लिहिले माहीत नाही’, काय वाटेल ते. पाळकसाहेबांना आधी सांगेन, चोरून नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी योना. काका, तुम्ही मिरजेला याल का? टपरीवरचं सांगा मुलांना. मनात काय आलं होतं ते सांगायचं की नाही, ते तुमच्यावर.

---

नदीकाठ

येतो. सांगतो तेही.

फक्त तिसऱ्या अध्यायावर वर्ग संपवू नका, चौथ्याचं शेवटचं वचन मुलांकडून वाचून घ्या. देव योनाला विचारतो, ज्यात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या निनवेची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथंच संपतं, गुरांवर. २०१९ला आमच्या गल्लीतला एक म्हातारा होडीत बसायला तयार नव्हता, दोन म्हशी आणि एक रेडकू मागं राहतंय म्हणून. शेवटी पोरांनी म्हशी पोहवत काढल्या आणि रेडकू होडीत घेतलं, तेव्हा तो चढला. तुमच्या अकरा मुलांपैकी ज्यांच्या घरी जनावरं आहेत, त्यांना हे वचन वाचायला द्या.